फुगा एका टायरला, प्रश्न चारही चाकांचा

गाडी सुबारू आउटबॅक, २०१९ चं २.५ लिटर इंजिनाचं मॉडेल, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली) ऑटोमॅटिक, ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी. टायर २२५/६० आर १८. चाललेली सुमारे ३६,००० मैल, म्हणजे ५८ हजार किलोमीटर. गाव अमेरिकेतल्या डेन्व्हरला खेटून असलेलं ऑरोरा, महिना ऑगस्ट २०२३. गाडी माझ्या मावसबहिणीची आणि दाजींची. माझं रोजचं काम गाड्यांच्या ट्रान्समिशनचं, त्यामुळे त्यांच्या घरी गाडीचं काही निघालं की फोन मला येतो. या वेळी आधी फोटो आला.

पुढच्या उजव्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, तीन बोटं रुंदीचा फुगा. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात खड्ड्याची धारदार कड लागली होती. हवा गेली नव्हती, टायर प्रेशरचा दिवा लागला नव्हता, गाडी सरळ चालत होती. त्यामुळे दाजींना दोन दिवस पत्ताच नव्हता. गाडी धुताना बहिणीला दिसलं.

फुग्याबद्दल वाद घालण्यासारखं काही नसतं. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात साइडवॉल चेपली जाते, आतले दोरे तुटतात आणि तेवढ्या भागात हवेचा दाब फक्त रबर धरून ठेवतं. ते कधी फाटेल ते सांगता येत नाही. पॅच मारून हे जमत नाही. यू. एस. टायर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा नियम असा की दुरुस्ती फक्त नक्षीच्या पट्ट्यात, तीही पाव इंचापर्यंतच्या भोकाची, टायर रिमवरून उतरवून, आतून पॅच आणि भोकात प्लग असं दोन्ही घालून. साइडवॉल आणि खांद्याचा भाग दुरुस्तीला चालतच नाही. म्हणजे टायर गेला. स्टेपनी लावून गाडी दुकानात न्यायची, एवढं लगेच ठरलं. ही स्टेपनी म्हणजे ती बारीक तात्पुरती, ६० पीएसआय हवेची, ताशी ५० मैलांच्या वर न्यायची नाही असं अंगावर छापलेली. तिचा घेर मूळ चाकासारखा नसतो, म्हणून ऑल-व्हील-ड्राइव्हवर ती लावून रोज ऑफिसला जाऊ नये. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये यासाठी एक वेगळी सोय असे: बॉनेटखालच्या एका रिकाम्या खाचेत फ्यूज घातला की मागची चाकं सुटी होत आणि गाडी तात्पुरती फ्रंट-व्हील-ड्राइव्ह होई. नव्या गाड्यांत ती खाच नाही.

तीन माणसं, तीन आकडे

दुकानदार म्हणाला, चारही बदला. एक विकणार नाही, दुकानाचं तसं धोरणच आहे. कारण विचारल्यावर म्हणाला, नाहीतर गिअरबॉक्स जाईल.

दाजी म्हणाले, एकच बदलायचा. बाकी तीन चांगले आहेत, नक्षी दिसते आहे, आणि हे लोक चार विकायलाच बसलेत.

दाजींचे थोरले भाऊ कोल्हापुरात गॅरेज चालवतात. त्यांना व्हिडिओ कॉल लावला तर ते म्हणाले, "एक कधी टाकू नये. जोडी टाक, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या धरतील." कोल्हापुरात त्यांच्यापुढे रोज ज्या गाड्या येतात, स्विफ्ट, आय-ट्वेंटी, नेक्सॉन, त्यांच्यासाठी हा सल्ला चोख आहे. (फक्त नवी जोडी पुढे टाकायची आपल्याकडची सवय बरी नाही. पावसात मागची चाकं आधी तरंगली तर गाडी गरकन फिरते, म्हणून नवी जोडी मागे टाकावी, असं टायर कंपन्या वर्षानुवर्षं सांगतायत. ऐकतं कोण!)

एक, दोन आणि चार असे तीन सल्ले जमले होते आणि तोवर टायर कोणीच मोजला नव्हता. दुकानातल्या माणसानेसुद्धा नाही. मी दाजींना म्हटलं, आधी आठ-दहा डॉलरचा खोली मोजायचा गेज आणा. नक्षी दिसते आहे हे माप नव्हे.

गेजची मापं अशी आली. पुढचा डावा ५.० मिलिमीटर. फुग्याचा पुढचा उजवाही ५.०. मागचा डावा ५.३, मागचा उजवा ५.४. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी आणि आडवं तीन खाचांत मोजायला लावलं होतं. कडा आणि मध्य सारखे झिजलेले होते, म्हणजे हवा आणि अलाइनमेंट ठीक होतं. अमेरिकेत हेच माप इंचाच्या बत्तिसाव्या भागात बोलतात. नवा टायर १०/३२, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर. कायद्याने टायर बाद ठरतो तो २/३२ ला, म्हणजे १.६ मिलिमीटरला. त्या हिशोबाने दाजींचं म्हणणं खरंच होतं: अर्ध्याहून जास्त नक्षी शिल्लक होती.

साइडवॉलवरचा डॉट क्रमांकही वाचायला सांगितला. शेवटचे चार आकडे १४१९, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. टायर सव्वाचार वर्षांचे. हा आकडा पुढे कामी आला.

तीन मिलिमीटरचा फरक जातो कुठे

नवा ८.०, जुना ५.०. त्रिज्येत ३ मिलिमीटरचा फरक. घेरात त्याच्या सहा पट आणि वर थोडा: सुमारे १९ मिलिमीटर. सुबारूची मर्यादा अशी की चार टायरांच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे ६.४ मिलिमीटरहून जास्त फरक नको. त्रिज्येत ते साधारण १ मिलिमीटर होतं. आपण मर्यादेच्या तिप्पट गेलो.

आता हे १९ मिलिमीटर नेमकं काय बिघडवतात? २.३ मीटर घेराच्या चाकात पाऊण-एक टक्का फरक. ताशी १०५ किलोमीटरला चाक मिनिटाला पावणेआठशेच्या आसपास फेरे घेतं. नवा टायर जुन्यापेक्षा सहा-साडेसहा फेरे कमी घेईल. एवढ्यासाठी चार टायरांचे नऊशे डॉलर, असा दाजींचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

उत्तर या गाडीच्या पोटात आहे. पुढच्या दोन चाकांमध्ये एक साधं डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांमध्ये दुसरं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, ते या डिफरन्शियलमुळे जमतं, आणि त्यांना त्याची सवय असते. पण पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना कसे जोडलेत, तिथे खरी मेख आहे. या ऑटोमॅटिक आउटबॅकमध्ये पुढची चाकं थेट चालतात. मागच्या चाकांकडे जाणारी ताकद गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या एका बहुपट्टी क्लचमधून जाते. क्लचच्या चकत्या गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेल्या, आणि संगणक त्यांच्यावर कमी-जास्त दाब देतो. साधारण परिस्थितीत पुढे ६० आणि मागे ४० टक्के अशी वाटणी धरतात. म्हणजे हा क्लच कायम थोडाफार दाबलेला असतो. पुढचा आणि मागचा वेग वेगळा झाला की चकत्या एकमेकींवर घासतात. वळणावर हे चार सेकंद होतं, मग थांबतं. घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही थांबत नाही. सबंध हायवेभर घासणं, उष्णता, तेल जळणं. शिवाय चाकांमधला फरक क्लचपर्यंत पोहोचताना मागच्या डिफरन्शियलच्या गिअर रेशोने कित्येक पटींनी वाढलेला असतो. बिघाड सुरू झाला की पहिलं लक्षण पार्किंगमध्ये दिसतं: स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना गाडी अडखळते, हिसके देते.

आता पुढची गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. मधल्या क्लचला एकेका चाकाचा वेग दिसत नाही; त्याला दिसते पुढच्या दोन चाकांची सरासरी आणि मागच्या दोघांची सरासरी. म्हणून तिन्ही सल्ल्यांचे आकडे मांडून पाहिले.

दाजींचा एक टायर, पुढे उजवीकडे: पुढची सरासरी ६.५, मागची ५.३५. क्लचला दिसणारा फरक १.१५ मिलिमीटर.

भावांची जोडी, पुढे: पुढची सरासरी ८.०, मागची ५.३५. फरक २.६५. तीच जोडी मागे टाकून मागचे दोन पुढे आणले तरी ५.३५ विरुद्ध ८.०, फरक तेवढाच.

म्हणजे जोडी हा तडजोडीचा मार्ग वाटतो, पण मधल्या क्लचसाठी तो एका टायरपेक्षा दुपटीहून वाईट. दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत जे शहाणपण ठरतं, तेच इथे सर्वांत महागात पडतं. कोल्हापूरला हा हिशोब वाचून दाखवला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. मग, "असं असतंय होय," आणि पुढे लगेच, "मग एकच टाकू दे की."

एक टाकण्यातही गोम आहे. मधला क्लच बऱ्यापैकी वाचतो, पण फरक जातो पुढच्या डिफरन्शियलच्या अंगावर: डावीकडे ५.०, उजवीकडे ८.०. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटरच्या वर आहे, त्यावरून काढलं तर पुढच्या डिफरन्शियलच्या लेखी गाडी सरळ रस्त्यावरही जवळपास १९० मीटर त्रिज्येच्या वळणावर कायमची आहे. साध्या डिफरन्शियलला हे काही लगेच मारत नाही. वळणावर याच्या कित्येक पट फरक ते सोसतं, पण थोडा वेळ. इथे त्याला विश्रांतीच नाही. दुकानदाराचं गिअरबॉक्स जाईल हे म्हणणं म्हणूनच मला पटलं नाही. उद्या काही होणार नव्हतं, सहा महिन्यांतही कदाचित दिसलं नसतं. झीज हळू होते, आणि बिल येतं तेव्हा त्याचा टायरशी संबंध कुणाला आठवत नाही. वॉरंटीच्या माणसाला मात्र आठवतो. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांची, ती अजून काही महिने शिल्लक होती. चार वेगळ्या मापांचे टायर दिसले की तो दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

दाजी इंजिनिअर माणूस. सरासरीचा हिशोब कळल्यावर म्हणाले, मग एक नवा पुढे आणि एक मागे टाकू, तिरपे. क्लचला पुढे ६.५, मागे ६.७. फरक जवळजवळ शून्य! हिशोब बिनचूक होता. पण मग दोन्ही डिफरन्शियल कायम कामाला, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना एकाच एक्सलवरची दोन चाकं वेगळी धरणार. कंपनीचा नियम सरासरीला लागू नाही, तो प्रत्येक टायरला लागू आहे. शिवाय मेक, मॉडेल आणि नक्षी चारही ठिकाणी एकच हवी, हेही त्यात येतं. कल्पना बाद झाली, पण मला आवडली होती.

इथे एक जास्तीची नोंद करतो, कारण माहीतगार वाचक ती काढणारच. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो ताणला जात नाही. त्यामुळे गाडीचं वजन घेऊन प्रत्यक्ष फिरताना घेरातला फरक भूमितीने येतो त्याहून काहीसा कमी भरतो. वरचे आकडे म्हणून थोडे चढे आहेत. पण कंपन्यांची मर्यादा मोजायला सोप्या अशा खोलीवर आणि घेरावरच बांधलेली आहे, आणि तिप्पट ते तिप्पटच.

नवा टायर घासून जुना करणं

अमेरिकेत चौथा मार्गही आहे. आपल्याकडे तो सांगितला की लोक हसतात. नवा टायर यंत्रावर फिरवून पात्याने त्याची नक्षी हवी तेवढी तासून घ्यायची. मूळ धंदा शर्यतीच्या गाड्यांचा, कारण उथळ नक्षीचे ठोकळे कमी हलतात आणि कमी तापतात. पण टायर ऑनलाइन विकणारे मोठे दुकानदार ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांनाही ही सेवा देतात. आठ मिलिमीटरचा टायर मागवायचा, ५.२ ला तासून द्या म्हणायचं, तो घरी येतो आणि बाकी तिघांच्या ओळीत बसतो. तासणावळ तेव्हा तीसेक डॉलर, टायर १९० च्या आसपास. सगळं मिळून अडीचशेच्या आत.

कोल्हापूरकरांना हे ऐकवेना. पैसे देऊन आणलेला माल पैसे देऊनच झिजवायचा! पण हिशोब साधा आहे. तीन मिलिमीटर रबर फेकलं तर त्या टायराचं आयुष्य बाकी तिघांइतकंच राहतं, आणि तसंही ते तितकंच असणार होतं; तिघं संपतील तेव्हा चौथाही बदलावा लागणारच. फुकट जातं ते फक्त न वापरलेलं रबर. क्लच त्याहून महाग आहे.

तोच टायर अर्धवट झिजलेला विकत घेणं हाही एक पर्याय. बहिणीने शोध घेतला. त्याच मेकचा, त्याच मॉडेलचा एक मिळाला, पण सहा वर्षांचा, आणि विकणाऱ्याला आतून पॅच आहे का ते सांगता येईना. सोडून दिला.

म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस माझं मत तासलेल्या टायरकडे झुकलं होतं, आणि गाडी टेक्सासात असती तर तेच ठरलं असतं.

आय-७० वरचा कायदा

पण गाडी कोलोराडोत होती. मुलांना बर्फात खेळवायला, स्की करायला हे कुटुंब हिवाळ्यात कीस्टोनला जातं. त्याचसाठी तर ऑल-व्हील-ड्राइव्ह घेतली. डेन्व्हरहून तिकडे जाणारा रस्ता म्हणजे आय-७०, सुमारे ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून.

या रस्त्याच्या डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे कोलोराडोचा ट्रॅक्शन लॉ, म्हणजे टायरच्या पकडीचा कायदा, लागू असतो. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असली तरी टायरची नक्षी किमान ३/१६ इंच हवी. नसेल तर साखळ्या वा तत्सम साधन जवळ हवं. ३/१६ इंच म्हणजे ६/३२, म्हणजेच ४.७६ मिलिमीटर. दंड १३० डॉलरहून जास्त, आणि तुमच्यामुळे रस्ता अडला तर साडेसहाशेच्या वर. पूर्वी हे माप १/८ इंच, म्हणजे ४/३२ होतं. तेव्हा दाजींचे टायर आणखी दोन हिवाळे सहज गेले असते.

गेज नसेल तर तिकडचे लोक १९५९ ते २००८ मधली एक सेंटची पेनी वापरतात. मागच्या बाजूचं लिंकन मेमोरियल उलटं धरून खाचेत घालायचं. इमारतीचा माथा नक्षीत बुडाला तर ६/३२ आहे. दाजींच्या पुढच्या टायरमध्ये माथा बुडत होता, पण जेमतेम.

पुढचे टायर ५.० वर, मर्यादा ४.७६ वर. शिल्लक पाव मिलिमीटर. या टायरांनी ३६,००० मैलांत तीन मिलिमीटर दिले होते, म्हणजे मिलिमीटरला १२,००० मैल. पाव मिलिमीटरला तीन हजारांच्या आतबाहेर. या घराची गाडी महिन्याला सातशे मैलांच्या आसपास चालते. म्हणजे नाताळच्या सुट्टीत, जेव्हा आय-७० वर सर्वांत जास्त गर्दी आणि सर्वांत जास्त बर्फ असतो, तेव्हा हे टायर कायद्याच्या रेषेवर आले असते. आणि तासलेला चौथाही त्यांच्याबरोबर, कारण तो तासलाच त्यांच्या मापाला!

कायदा बाजूला ठेवला तरी बर्फात नक्षीची खोलीच कामाची असते. खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फावर बर्फ धरतो, त्यातून पकड मिळते. पाच मिलिमीटर पुण्याच्या पावसाला चालतात, बोगद्याच्या उतारावर नाही. चार चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी सुटताना भरवशाची वाटते. थांबवायची वेळ आली की ऑल-व्हील-ड्राइव्हचा काडीचा उपयोग नसतो, तिथे फक्त टायर असतो.

म्हणून अडीचशे डॉलरचा तासलेला टायर चार महिन्यांसाठी पडला असता आणि त्यानंतर चार घ्यावेच लागले असते. कीस्टोन सोडलं तर तो दोन वर्षं पुरला असता. हा प्रश्न मी बहिणीला सरळ विचारला: या हिवाळ्यात डोंगरात जाणार का? तिने मुलांकडे पाहिलं आणि मला उत्तर मिळालं.

काय केलं

चारही नवे. सर्व ऋतूंचे, पण साइडवॉलवर तीन शिखरं आणि हिमकण यांची खूण असलेले, म्हणजे बर्फातली ठरलेली चाचणी पार केलेले. नुसती एम अँड एस अशी खूण बहुतेक सर्व-ऋतू टायरांवर असते. ती नक्षीच्या रचनेवरून देतात, बर्फातल्या चाचणीवरून नाही. बसवणं, बॅलन्सिंग, जुन्यांची विल्हेवाट आणि अलाइनमेंट धरून बिल नऊशेच्या थोडं वर गेलं. अलाइनमेंट मी आग्रहाने करून घेतलं. ज्या खड्ड्याने साइडवॉलचे दोरे तोडले त्याने टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, वाकवला नसेल असं धरून चालता येत नाही. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा रोख, किंचित बाहेर आलेला निघाला.

विम्याचा विचार झाला. खड्ड्याचं नुकसान अपघाताच्या कलमात धरतात आणि त्यात पहिले पाचशे डॉलर स्वतःचे. टायरच्या मूळ वॉरंटीत रस्त्यावरचा आघात येत नाही. नव्या चार टायरांबरोबर दुकानाने खड्डा-खिळ्याची हमी देऊ केली तेव्हा मात्र दाजींनी नेमका प्रश्न विचारला: एक टायर गेला आणि बाकी तिघे मर्यादेबाहेर झिजलेले असले, तर तुम्ही एकाचे पैसे देणार की चौघांचे? उत्तर अर्थातच एकाचे, तेही झीज वजा करून. ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्याला ही हमी त्यामुळे निम्मीच उपयोगाची आहे. पहिल्या वर्षभरात, टायर अजून मिलिमीटरभर झिजायचे असताना काही झालं तर ती पूर्ण कामाची. नंतर तासणावळीचे पैसे वेगळे धरावेत. त्यांनी घेतली, मी असतो तर घेतली नसती.

जुन्या तिघांपैकी चांगला एक गॅरेजात जपून ठेवायचा, नवे झिजून ५.४ ला आले की तो जुळेल, असाही विचार निघाला. हिशोब केला: नव्यांना तिथवर यायला तीस हजार मैल, या घराच्या वापराने साडेतीन वर्षांहून अधिक. तोवर १४१९ चा टायर आठ वर्षांचा झाला असता. रबर उभ्या जागी म्हातारं होतं. तिन्ही दुकानात सोडले.

यापुढे दर सहा हजार मैलांना चाकांची अदलाबदल, आणि प्रत्येक वेळी चार मापं गाडीच्या वहीत. पुढचे आणि मागचे ५.० आणि ५.३ असे वेगळे पडले होते, ते मधली एक अदलाबदल चुकल्यामुळे. तेवढा फरक मर्यादेत होता, पण पुढे एखादा टायर गेला तर हीच शिल्लक उपयोगी पडते: चौघे जितके जवळ, तितकी पाचव्याला जागा जास्त.

कोल्हापुरातली आउटबॅक नसलेली गाडी

कोल्हापूरला हा विषय संपला नव्हता. भावांकडे ग्रँड विटारा ऑलग्रिप, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्हवाली, आली, २१५/६० आर १७, मागच्या टायरच्या साइडवॉलला चीर. मालकाला चार बदलायची भीती कुणीतरी घातली होती. त्यांनी या वेळी आधी गेज लावला आणि मग मला फोन केला. गाडी नवीच, तीन टायर ७.२ च्या आसपास, नवा ८.०. त्रिज्येत ०.८, घेरात पाच मिलिमीटर. मी म्हटलं, मॅन्युअलात कंपनीची मर्यादा बघा, पण सुबारूच्या काटेकोर मापातसुद्धा हा फरक बसतो. एकच टाका. मात्र तोच मेक, तीच नक्षी. खरी अडचण तिथेच निघाली: गाडीबरोबर आलेलं नेमकं मॉडेल त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच टायरवाल्याकडे नव्हतं, मागवावं लागलं. मालक दुसऱ्या कंपनीचा लावून द्या म्हणून मागे लागला होता. त्यांनी लावला नाही. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर घेराने सारखे असतीलच असं नसतं, हे त्यांनी टेप गुंडाळून त्याला दाखवलं.

थार आणि जिम्नीवाल्यांनाही ते आता वेगळं सांगतात. त्या गाड्यांत फोर-व्हील-ड्राइव्ह हाताने लावायची असते. टू-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल जोडलेलेच नसतात, तेव्हा मध्ये घासायला काही नाही. फोर-व्हील लावली की दोन्ही एक्सल कडक जोडले जातात. चिखलात आणि वाळूत चाक थोडं घसरून फरक काढून टाकतं, कोरड्या डांबरावर तो काढायला वाट नसते. पण या दोन्ही गाड्यांच्या पाठीवर पूर्ण मापाची स्टेपनी असते. ती सुरुवातीपासून अदलाबदलीत घेतली, पाच चाकं फिरवत ठेवली, तर एक टायर गेल्यावर जुळणारा टायर पाठीवरच सापडतो. स्टेपनीवर नवी कोरी नक्षी ठेवून पाच वर्षं मिरवणारे मालक त्यांना रोज भेटतात, आणि त्यांच्याशी ते रोज भांडतात.